नमो अरहंतानं : लेणी शोधणाऱ्यांची वाटचाल

जैन कुटुंबात जन्मलेले मूल बोलू लागते तेव्हा त्याच्या कानावर आणि पाठोपाठ ओठांवर येणारे पहिले धर्मवचन म्हणजे नवकार मंत्राचे पहिले पद. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर या घोड आणि कुकडी नद्यांच्या टापूतील घराघरांत ते पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जाते. हे पद आपल्याच पुणे जिल्ह्यात, मावळातील एका डोंगराच्या खडकावर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ब्राह्मी अक्षरांत कोरले गेले होते. आणि १९६९ पर्यंत विद्वानांच्या जगाला त्याची वार्ताही नव्हती, ही गोष्ट मात्र समाजातील फार थोड्यांना ठाऊक आहे. ते पद पुन्हा उजेडात आले त्याचे श्रेय राजाश्रयाला अथवा मोठ्या उत्खननाला जात नाही. पायी डोंगर चढणाऱ्या, अंधाऱ्या लेण्यात दिवा घेऊन शिरणाऱ्या आणि भिंतीवरील प्रत्येक रेघ निरखून पाहणाऱ्या शोधयात्रींना ते जाते. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्यांच्या वाटचालीचे स्मरण करणे उचित ठरेल.

गुहा आणि लेणे

जगात गुहाशोधन हा एक स्वतंत्र छंद आणि शास्त्र मानले जाते. चुनखडीच्या प्रदेशात पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी खडक विरघळवीत जाते आणि लक्षावधी वर्षांत जमिनीखाली मैलोगणती लांबीच्या गुहा तयार होतात. आपल्या देशात मेघालयातील डोंगर अशा नैसर्गिक गुहांसाठी प्रसिद्ध असून, १९९० नंतरच्या काळात देशी आणि परदेशी गुहाशोधकांनी तेथे शेकडो गुहांची मोजणी करून नकाशे तयार केले आहेत.

सह्याद्रीची प्रकृती याहून निराळी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा काळा पाषाण बनला. तो पाण्यात विरघळत नाही; त्यामुळे येथे मोठ्या नैसर्गिक गुहा विरळाच. निसर्गाने जे दिले नाही ते येथील माणसाने छिन्नी आणि हातोडीने घडविले. कठीण, एकसंध आणि आडव्या थरांचा हा खडक कोरीव कामास अत्यंत अनुकूल ठरला. कारागीर वरून खाली आणि समोरून आत असा खडक काढीत गेले. सभामंडप, भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या, बसण्याचे ओटे आणि पाण्याच्या टाक्या म्हणजेच पोढ्या अशा रीतीने सिद्ध झाल्या. म्हणून महाराष्ट्रातील गुहाशोधन हे मुख्यतः लेणीशोधन होय. मेघालयातील शोधक पाण्याच्या प्रवाहाचा माग घेतो. सह्याद्रीतील शोधक माणसाच्या हाताचा.

या लेण्यांमागे एक व्यावहारिक गरजही होती. श्रमणपरंपरेतील साधूने सतत विहार करावा आणि वर्षाकाळात मात्र एका ठिकाणी स्थिर राहावे, हा नियम जैन आणि बौद्ध दोन्ही संघांत पाळला जात असे. सह्याद्रीच्या मुसळधार पावसात चार महिने कोरडा निवारा आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात पिण्याचे पाणी ज्याने दिले, त्याने संघाची फार मोठी सेवा केली असे मानले जाई. चातुर्मासाचे महत्त्व जाणणाऱ्या वाचकांना लेणे आणि पोढी यांचे दान एकत्र का नोंदले जाते, हे निराळे सांगावयास नको.

जुन्नरचा परिसर आणि पहिले शोधयात्री

मंचरहून उत्तरेस थोडी वाट चालली की भारतातील लेण्यांचा एक अत्यंत समृद्ध प्रदेश सुरू होतो. जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. पश्चिमेस तुळजा लेणी, शहरालगत शिवनेरी, उत्तरेस कुकडीपलीकडे लेण्याद्री आणि दक्षिणेस मानमोडी असे त्यांचे प्रमुख समूह होत. यांपैकी बहुतेक लेणी बौद्ध संघासाठी, इसवी सनाच्या आधीची दोन-तीन शतके आणि नंतरची दोन-तीन शतके या काळात कोरली गेली. तुळजा समूहातील वर्तुळाकार चैत्यगृह, लेण्याद्रीवरील सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह आणि मानमोडीवरील अपुरे राहिलेले परंतु दर्शनी भागावर गजलक्ष्मी मिरविणारे चैत्यगृह ही त्यांतील ठळक उदाहरणे. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, एकेकाळच्या विहारात, पुढे अष्टविनायकांपैकी श्री गिरिजात्मजाची स्थापना झाली.

कल्याणच्या बंदरातून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. व्यापारी मार्ग, बाजारपेठ आणि लेणी यांचा संबंध येथे दगडावरच लिहिलेला आहे. जुन्नरच्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दान केल्याची नोंद आहे. तीन लेखांत यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे समजले जाणारे, दाते आढळतात. मानमोडीवरील एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने दिलेल्या दानाचे वर्ष ४६ असे कोरले आहे. बाजारपेठेच्या गावात वाढलेल्या आणि दानधर्माची परंपरा जपणाऱ्या वाचकाला ही नावे परकी वाटणार नाहीत.

आधुनिक काळात या लेखांकडे प्रथम लक्ष वळविणाऱ्यांत कर्नल विल्यम सायक्स यांचे नाव घ्यावे लागते. मुंबई सरकारच्या सेवेत असताना दख्खनची माहिती गोळा करीत हिंडणाऱ्या या अधिकाऱ्याने १८२८ मध्ये नाणेघाटातील लेण्यात कोरलेली अक्षरे पाहिली. त्या वेळी ही लिपी कोणासही वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला तो १८३७ च्या सुमारास. म्हणजे अर्थ कळत नसतानाही अक्षरांच्या नकला जपून उतरवून ठेवणारी ही माणसे होती. सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून पुढे विख्यात झालेला लेख तो हाच.

१८४८ मध्ये मुंबईत लेण्यांच्या अभ्यासासाठी विद्वानांचे एक मंडळ नेमले गेले. पुढे जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या प्रेरणेने देशभर पायपीट करून शेकडो लेखांच्या नकला घेतल्या. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल यांनी मिळून पश्चिम भारतातील लेण्यांमधील लेखांचा संग्रह १८८१ मध्ये प्रसिद्ध केला. भगवानलालांपाशी ना मोठी पदवी होती ना मोठा पगार. होती ती तीक्ष्ण नजर आणि अथक पाय. विसाव्या शतकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अभ्यासकांनी जुन्नरच्या लेण्यांची पुन्हा एकवार पद्धतशीर पाहणी केली.

मानमोडीची अंबिका

जुन्नरच्या मानमोडी डोंगरावर भीमाशंकर, अंबिका आणि भूतलिंग असे लेण्यांचे तीन समूह आहेत. यांपैकी मधल्या नावाने जैन वाचकाचे कान टवकारल्यावाचून राहणार नाहीत. अंबिका ही बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथांची शासनदेवता. या समूहातील मूळ लेणी बौद्ध आहेत. परंतु त्यांतील एका लेण्यात नंतरच्या काळात जैन मूर्ती कोरल्या गेल्या. त्यांतील अंबिकेच्या मूर्तीवरूनच समूहास हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकातील पाहणी करणाऱ्यांनी या झिजलेल्या मूर्तींची नोंद करून ठेवली आहे.

असेच उदाहरण नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या पांडवलेण्यांत, अकराव्या क्रमांकाच्या लेण्यात दिसते. तेथेही मूळ निवास जुना आणि जैन मूर्ती नंतरच्या. आधीचा संघ निघून गेल्यावर ओस पडलेल्या निवाऱ्यात दुसऱ्या संघाने आपले आराध्य स्थापन करावे, हे मध्ययुगात अनेक ठिकाणी घडले. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची लेणी, मनमाडजवळची अंकाई-टंकाई, चांदवड, मांगी-तुंगी आणि नाशिकजवळची चामर लेणी येथे जैन परंपरा स्वतंत्रपणे फुललेली दिसते. परंतु ही सर्व स्थळे प्रामुख्याने मध्ययुगातील. मग प्रश्न उरत होता तो असा : सातवाहन काळात, भाजे, कार्ले आणि जुन्नर घडत असताना, या डोंगरांत जैन साधू नव्हतेच काय?

पाले गावचा लेख

या प्रश्नाचे उत्तर मावळ तालुक्यात, कामशेतजवळच्या पाले गावच्या डोंगरात दडलेले होते. तेथील एका लहानशा लेण्यातील कोरीव लेख आर. एल. भिडे यांच्या नजरेस आला. डेक्कन कॉलेजचे ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकलिया आणि लिपिशास्त्राच्या गाढ्या अभ्यासक डॉ. शोभना गोखले यांनी त्याचे वाचन करून १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला. लेखाचा आरंभ होता ‘नमो अरहंतानं’. पुढील मजकुराचा आशय असा की, भदंत इंदरखित, म्हणजे संस्कृतात इंद्ररक्षित, याने आपल्या सोबत्यांसह हे लेणे आणि पोढी करविली.

लेख अवघ्या काही ओळींचा. परंतु त्याचे मोल मोठे. अक्षरांच्या वळणावरून अभ्यासकांनी त्याचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या आरंभापर्यंत ठरविला असून नेमक्या शतकाविषयी मतभेद आहे. त्यांतील कोणतेही मत स्वीकारले, तरी महाराष्ट्रातील ज्ञात जैन लेखांत हा सर्वांत प्राचीन लेखांपैकी एक ठरतो.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करणे अगत्याचे आहे. अर्हत हा शब्द बौद्ध परंपरेसही परिचित आहे आणि ‘भदंत’ ही उपाधी बौद्ध लेखांत वारंवार येते. त्यामुळे हे लेणे जैनच कशावरून, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न गैर नाही. सांकलिया आणि गोखले यांचा आधार लेखाच्या आरंभीच्या वंदनावर होता. अर्हंतांना बहुवचनी नमन करून लेखाला आरंभ करण्याची रीत ओरिसात भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवरील सम्राट खारवेलाच्या हाथीगुंफा लेखात दिसते. मथुरेच्या जैन शिलापट्टांवरही तीच आढळते. या साम्यावरून पाले लेख जैन ठरविला गेला. शास्त्रातील निर्णय असे पुराव्याच्या बळावर उभे असतात. श्रद्धेने त्यांत भर घालावयाची नसते, आणि संकोचाने त्यांतून वजाही करावयाचे नसते.

लोहगडावरील दुसरा साक्षीदार

एकच लेख म्हणजे एकच साक्षीदार. त्याची साक्ष कितीही बोलकी असली, तरी दुसऱ्याचा दुजोरा मिळेपर्यंत मन पुरते निःशंक होत नाही. पालेच्या लेखाला हा दुजोरा मिळण्यास पन्नास वर्षे लागली.

मधल्या काळात महाराष्ट्रात डोंगरभटकंतीची चळवळ रुजली. पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहण संस्थांतून हजारो तरुण दर रविवारी सह्याद्रीत जाऊ लागले. त्यांतील बहुतेक गडाचा माथा गाठून परतत. काही थोडे मात्र वाट सोडून कड्याच्या कुशीतील टाकी, खोदीव पायऱ्या आणि लेणी धुंडाळू लागले. अशाच पुणेकर भटक्यांना लोहगडाच्या पूर्व अंगाला, लोहगडवाडीच्या बाजूच्या एका लेण्यात ब्राह्मी अक्षरे दिसली. डेक्कन कॉलेजचे डॉ. श्रीकांत प्रधान यांनी त्या लेखाचे वाचन केले आणि २०१९ मध्ये ही वार्ता वृत्तपत्रांतून सर्वदूर पोहोचली. या लेखाच्या आरंभीही अर्हंतांना तेच वंदन होते आणि दात्याच्या जागी तेच नाव होते, इंदरखित.

लोहगडावर वर्षानुवर्षे पर्यटकांची रीघ लागलेली असते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पराक्रमाशी निगडित असा हा गड. त्याच्या वाटेवरून लाखो माणसे गेली असतील. लेख मात्र तेथेच होता, कोणी तरी थांबून पाहील याची वाट पाहत. मावळातील दोन डोंगरांवर एकाच दात्याचे नाव आणि एकच वंदन सापडल्यामुळे, त्या काळात या भागात जैन संघाचा वावर असल्याच्या मताला मोठी बळकटी मिळाली.

शोधाची रीत

अशा शोधांत दैवाचा वाटा असतो असे म्हटले जाते. परंतु दैव शिस्त पाळणाऱ्याच्याच वाट्यास अधिक वेळा येते. खडकावरील झिजलेला लेख दुपारच्या झगझगीत उजेडात दिसत नाही. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाकला, की खोल गेलेल्या रेघांत सावली साचते आणि अक्षर उठून दिसते. पूर्वीचे अभ्यासक ओला कागद लेखावर बसवून, ब्रशने ठोकून, त्यावर शाईचा बोळा फिरवीत आणि ठसा घेत. जाणकाराखेरीज इतरांनी हे करू नये, कारण अयोग्य हाताने दगडाची इजा होते. सामान्य शोधयात्रीने छायाचित्र घ्यावे, मोजमाप टिपावे, जागेची दिशा आणि वाट लिहून ठेवावी आणि ती माहिती अभ्यासकांच्या स्वाधीन करावी. लोहगडाच्या बाबतीत भटके आणि विद्वान यांच्या अशाच सहकार्यातून लेखाचे वाचन होऊ शकले.

धोकेही कमी नसतात. कपारींतील आग्यामोहळे धुराने, उग्र वासाने वा गोंगाटाने चवताळतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून पाय घसरतो. बंद खोल्यांत वटवाघळांचा वास असतो. वटवाघळांना हुसकावून लावणे हेही हिंसेचेच एक रूप होय. जीवदयेचे संस्कार असलेल्या तरुणाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

हानी आणि कर्तव्य

लेण्यांचा सर्वांत मोठा शत्रू मात्र पाऊस अथवा वारा नव्हे. दोन हजार वर्षे टिकलेल्या भिंतीवर खिळ्याने स्वतःचे नाव कोरणारा प्रवासी तिचे जे नुकसान एका क्षणात करतो, ते शंभर पावसाळे करीत नाहीत. भक्तिभावाने केलेली हानीही हानीच असते. प्राचीन मूर्तींवर शेंदूर अथवा ऑइल पेंटचे थर चढविणे, खडकाला चुना फासणे, फरशा बसविणे यांमुळे मूळ शिल्प आणि लेख कायमचे झाकले जातात. संरक्षित स्मारकाची नासधूस करणे हा १९५८ च्या कायद्यान्वये गुन्हा असून, २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. परंतु कायद्याचा हात प्रत्येक डोंगरापर्यंत पोहोचत नाही. तेथे स्थानिक समाजाची नजरच पोहोचू शकते.

एखादे स्थळ नाहीसे होणे म्हणजे काय, हे आंबेगाव तालुक्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. धरणाने शेतीला पाणी दिले, पण जुन्या वाड्या-वेशींचे आणि देवळांचे जग आता वृद्धांच्या स्मरणातच उरले आहे. डोंगरातील लेणी अजून उभी आहेत, हे भाग्य मानावयास हवे.

आणखी एका मोहापासून दूर राहणे तितकेच आवश्यक आहे. मानमोडीवर अंबिकेची मूर्ती आहे म्हणून सारा डोंगर जैनांचा, अथवा मूळ लेणे बौद्धांचे म्हणून त्यातील जैन मूर्ती उपऱ्या, हे दोन्ही दावे इतिहासाला मान्य नाहीत. एकाच डोंगराने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या साधकांना आसरा दिला, एवढेच दगड सांगतो. एकाच सत्याकडे अनेक बाजूंनी पाहावे ही अनेकान्ताची शिकवण लेण्यांच्या बाबतीत किती यथार्थ ठरते, हे मानमोडीच्या त्या खोलीत उभे राहिल्यावर उमगते.

समाजातील तरुणांनी वर्षातून एक दिवस तरी जाणकाराला सोबत घेऊन मानमोडीवर जावे. एखाद्या वर्षी पाले अथवा लोहगडची वाट धरावी. तेथे पूजासाहित्य, रंग वा खिळा नेऊ नये. वही, मोजपट्टी आणि विजेरी न्यावी. आपल्या गावांतील जुन्या मंदिरांतील मूर्तींवरचे लेख, जुन्या वह्या आणि दानपत्रे यांचीही छायाचित्रे काढून नोंद करावी, कारण पुढील पिढीचे ‘पाले’ आज कदाचित एखाद्या घराच्या माळ्यावर पडलेले असेल.

पाले लेख १९६९ मध्ये विद्वानांपुढे आला आणि लोहगडाचा २०१९ मध्ये सर्वांना कळला. दोन्हींमध्ये बरोबर पन्नास वर्षांचे अंतर आहे. या पन्नास वर्षांत किती तरी माणसे ते डोंगर चढली आणि उतरली. ज्या मोजक्यांनी भिंतीशी वाकून पाहिले, त्यांच्यामुळे इंद्ररक्षित नावाच्या एका साधूची कृतज्ञता आज वाचता येते. त्याने आपल्यासंबंधी अधिक काही लिहिले नाही. त्याचे कुळ, गाव, गुरू यांची नोंद नाही. आधी अर्हंतांना वंदन, मग स्वतःचे नाव, मग सोबत्यांचा उल्लेख, एवढाच क्रम त्याने पाळला. संस्थेच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना हा क्रम डोळ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे.